कुणाच्याच आईची नसलेली भाषा

हिरामण गोमा म्हात्रे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लागला, त्या दिवशी दुपारी त्यानं मॅनेजरला विचारलं, "साहेब, तू जेवलास का?"

विचारण्यात माया होती. मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरात बापाला तू, सासऱ्याला तू आणि देवाला तर तूच. पण मॅनेजर मुंबईचा. त्यानं डबा बंद केला आणि सगळ्या प्लांटसमोर सांगितलं की म्हात्रे, आधी बोलायला शिका, मग व्हॉल्व्हला हात लावा. हिरामण व्हॉल्व्ह तर त्याच आठवड्यात शिकला. बोलायचं मात्र त्यानं जवळजवळ सोडून दिलं. बारा वर्षं कंपनीत त्याच्या तोंडून 'व्हय साहेब', 'नाय साहेब' आणि टाकीचा आकडा, यापलीकडे फारसं काही निघालं नाही.

त्याआधी शाळेतही तेच झालेलं. 'पाणी'चं 'पानी' आणि 'डोळा'चं 'डोला' झालं की मास्तर त्याला उभा करायचे, सगळ्या वर्गाला ऐकवायचे. पोरं हसायची. दहावी झाला, आयटीआय झाला, पण आपली जीभ घडतानाच वाकडी घडली, ही समजूत त्याच्यात मुरली ती मुरलीच. ज्याला बोलावं लागत नाही ते सगळं तो उत्तम करायचा. इंग्रजी म्हणाल तर ड्रमवरची लेबलं, मशिनची पुस्तकं आणि पेणच्या रद्दीवाल्याकडून आणलेली एक जाडजूड डिक्शनरी, एवढ्यावर त्यानं इंग्रजी असं कमावलं की जर्मनीहून आलेल्या पंपाचं माहितीपत्रक लॅबवाले गुपचूप त्याच्याकडून समजून घ्यायचे. वाचायला जीभ लागत नाही.

त्या लॅबवाल्यांत एक कमळाकर होता. पेणचा, बीएस्सी, बोलण्यात वाघ. कंपनीची बस पेणहून सुटायची, गडब, नागोठणं करत रोह्याला जायची, आणि तेवढ्या वाटेत कमळाकर सगळी बस हसवत न्यायचा. चौऱ्याण्णव साली त्याच्या अमेरिकेतल्या मेहुण्यानं त्याला एक गंमत पाठवली. तिकडच्या टीव्हीवर अवकाशात फिरणाऱ्या लढवय्यांची एक जमात दाखवतात. त्यांच्यासाठी कुणा अभ्यासकानं अख्खी भाषा बनवली, व्याकरणासकट. नाव क्लिंगॉन. आणि आता ती शिकवायला तिथल्या एका मंडळानं पोस्टानं धडे सुरू केले होते. बारा धडे. धडा सोडवून पाठवायचा, तपासून परत येतो, मग पुढचा.

कमळाकरनं बसमध्ये ते कागद नाचवले. दोनतीन आवाज काढून दाखवले, लोक खिदळले. हिरामणनं उतरताना हळूच विचारलं की मला याची झेरॉक्स मिळंल का.

"तुला रे कशाला?" कमळाकर म्हणाला. "आधी मराठीतला ण तरी काढ घशातून."

बस पुन्हा हसली. पण झेरॉक्स त्यानं दिली, हे खरं. माणूस तोंडाचा फटकळ होता, मनाचा कोता नव्हता.

हिरामणचं घर जोह्यात. बायको नंदा तिथल्याच एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. नुसतं रंगकाम नाही, डोळ्यांची आखणी करायची, आणि आखणी करणारा हात म्हणजे कारखान्यातला शेवटचा शब्द. ती पाय धुऊन ओसरीवर बसली होती, तेव्हा हिरामणनं पहिल्या धड्याची पहिली ओळ तिला मराठीत करून सांगितली. लिहिलं होतं की ही जगात कुणाचीच मातृभाषा नाही.

"म्हंजे कोनाच्याच आयशीची नाय?" नंदानं विचारलं.

"नाय."

"मंग चुकलास तर हसनार कोन?"

हिरामणनं ती ओळ पुन्हा वाचली. असा विचार त्याला सुचला नव्हता. पुण्याचा असो, पेणचा असो की अमेरिकेचा, या भाषेच्या दारात सगळेच परके. कुणी पाळण्यात ऐकून आलेलं नाही. त्या संध्याकाळपासून तो शिकायला बसला.

भाषा होती उफराटी. आपण म्हणतो, माणूस पाणी पितो. तिथं म्हणायचं, पाणी पितो माणूस. बिक् त्लुत्ल् लोड. ज्याच्यावर काम होतं तो आधी, काम मध्ये आणि करणारा सगळ्यांत शेवटी. काळ तर नाहीच. काल केलं की उद्या करणार, हे बोलण्याच्या ओघातून समजून घ्यायचं. काम पुरं झालं की चालू आहे, तेवढं क्रियापदाला शेपूट लावून सांगायचं. मोठा, लाल, जड अशी विशेषणं वेगळी नाहीत. मोठं असणं हीसुद्धा एक क्रियाच. आणि भेटल्यावर नमस्कार वगैरे काही नाही, थेट विचारायचं, काय पाहिजे? हे वाचून हिरामण स्वतःशीच हसला. खाडीकाठच्या गावात कुणाच्या दारात गेलं की हेच तर विचारतात.

पण कागदावरचं निराळं आणि घशातलं निराळं. एक क होता साधा, दुसरा पडजिभेच्या मागून काढायचा, आणि तिसऱ्याच एका अक्षराला जीभ टाळूला चिकटवून दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. हिरामण मागच्या परसात कोंबड्यांसमोर घसा खरवडायचा. तीन दिवसांनी शेजारचे दिनानाथकाका भाताचा गोळा घेऊन आले. म्हणाले, काटा अडकला असंल तर हा न चावता गिळ. हिरामणनं गिळला. काय सांगणार म्हाताऱ्याला?

अनेकवचनाचा धडा आला तेव्हा गंमत झाली. या भाषेत बोलू शकणाऱ्यांना एक प्रत्यय, शरीराच्या अवयवांना दुसरा आणि बाकी सगळ्या वस्तूंना तिसरा. हिरामणला गृहपाठात कारखान्यातल्या मूर्तींवर वाक्य लिहायचं होतं. पाचशे गणपती मांडलेत, पण ते बोलणारे की वस्तू? त्यानं नंदाला विचारलं. तिला विचारच करावा लागला नाही. डोळे काढले की बोलणारे, तोवर नग. कारखान्यात तसंच म्हणतात, शंभर नग सुकले, दोनशे नग रंगले, आणि आखणी झाली की लगेच 'गनपती उचला'. हिरामणनं वाक्यात दोन्ही प्रत्यय वापरले आणि खाली कारण लिहून पाठवलं. अमेरिकेत धडे तपासणारी कुणी बाई होती. तिनं लाल शाईत लिहिलं की याचं उत्तर माझ्याजवळ नाही, त्या मूर्तींजवळ तुम्ही राहता, तेव्हा तुमचंच खरं.

त्या कागदाची हिरामणनं चौकोनी घडी केली आणि पाकिटात ठेवली. त्याच्या भाषेबद्दल कुणीतरी 'तुमचंच खरं' म्हटल्याचं त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं प्रमाणपत्र.

धडे जात राहिले. पेणच्या पोस्टात परदेशातून येणाऱ्या उत्तराच्या टपालखर्चाचं कुपन मागणारा तो पहिलाच माणूस असावा. तिथल्या बाबूनं दोन दिवस नियमांचं पुस्तक चाळलं. हिरामणचे धडे परत यायचे ते जवळजवळ कोरे, कुठंतरी एखादी लाल खूण. कमळाकरही एव्हाना धडे पाठवायला लागला होता, त्याचे यायचे ते गोवर उठल्यासारखे. त्याची वाक्यं मराठीच्या वळणानं चालायची, करणारा पुढं धावायचा. शिवाय त्या बाईला तो आदरानं 'तुम्ही' म्हणायला जायचा, आणि तिथं अनेकवचन म्हणजे अनेकच माणसं. मी एकटीच आहे, असं ती प्रत्येक वेळी लिहायची. तिथं लहानथोर सगळ्यांना एकच तू. हिरामणला ते सांगावंच लागलं नव्हतं.

बसमध्ये कमळाकर आता त्याच्या शेजारी बसायला लागला. धडा काढायचा, विचारायचा, आणि विचारून झालं की लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पण लिहितोस छान रे. बोलशील तेव्हा बघू."

ते बोलणं लागायचं, कारण ते खरं होतं.

शहाण्णवच्या मे महिन्यात मंडळाचं पत्र आलं. दोघांनाही. हिंदुस्थानात आता चौदापंधरा जण शिकत होते, आणि नवशिक्यांचे पहिले धडे इथल्या इथं तपासायला एक माणूस हवा होता. एकच. बारा धडे पुरे केलेल्यांनी एक लेखी पेपर द्यायचा आणि सोबत तीन मिनिटांची कॅसेट पाठवायची. आपल्या गावातल्या कामाबद्दल बोलायचं, कागद न वाचता, आणि दुसऱ्या भाषेतला एकही शब्द न घालता. जून संपायच्या आत टपालात पडलं पाहिजे.

हिरामणनं पेपर दोन दिवसांत लिहिला. कॅसेटला मात्र त्यानं पंधरा दिवस हात लावला नाही. कागदावर जीभ दिसत नाही. कॅसेटमध्ये तिच्याशिवाय दुसरं काही नसतं. आजवर त्याच्या बोलण्याला हसलेल्यांना त्याचं गाव माहीत होतं, जात माहीत होती, बापाचे मिठानं फाटलेले पाय माहीत होते. या खेपेला ऐकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसणार. तिथंही जर कुणी म्हणालं की याला बोलता येत नाही, तर मग मास्तर आणि मॅनेजर दोघंही खरेच ठरले. परीक्षा एवढ्यासाठी होती. तपासनीस होण्याची हौस त्याला नंतरची.

नंदानं टोकलं तेव्हा तो बसला. विषय ठरला मिठागर. आणि तिथं पहिलाच खड्डा. त्याच्याजवळच्या शब्दांच्या यादीत मीठच नव्हतं. मिठागर नव्हतं, बांध नव्हता, खाडीच्या खाऱ्या जमिनीचं खाजण नव्हतं. कमळाकर म्हणाला, सोपं आहे, इंग्रजी शब्द क्लिंगॉनसारखा घसा खरवडून म्हणायचा. हिरामणला ते पटेना. हाताशी जे होतं ते त्यानं मांडून पाहिलं. समुद्र होता, पाणी होतं, जमीन होती, दगड होता. बसच्या खिडकीशी बसून तीन दिवस तो हेच शब्द एकमेकांना लावून बघत होता. मग मीठ झालं बिकआ नघ, समुद्राचा दगड. मिठागर झालं, जिथं समुद्र थांबतो ती जमीन. आणि भरतीचं पाणी वाफ्यात घेऊन उन्हावर सोडतात ते असं झालं:

पाव् बिकआ. मालोष्. रात्ल् नघ.

समुद्र येतो. आम्ही वाट बघतो. दगड उरतो.

बापाचं अख्खं आयुष्य तीन वाक्यांत बसलं. मराठीत त्याला हे कधी बोलता आलं नव्हतं.

अशी तीसेक वाक्यं झाली. आता पाठ करून म्हणायची. पहिल्या दिवशी तो चौथ्या वाक्यावर अडकला. पुन्हा पहिल्यापासून. मग सहाव्यावर. घशातला क नीट आला की करणारा पुढं पळायचा, करणाऱ्याला मागं आणला की शेपूट गळायचं, शेपूट सांभाळलं की आवाज पडायचा, थेट कंपनीत पडायचा तसा. आठ दिवस हेच चाललं. पोस्टात टाकायला सहा दिवस उरले होते. कमळाकरची कॅसेट कधीच गेली होती. हिरामणनं टेपरेकॉर्डर बंद केला आणि नंदाला सांगितलं की माझ्यानं होत नाही, लेखी पेपर तेवढा पाठवतो.

नंदा कारखान्यातून आली होती. केसांत, कानात, सगळीकडे रंग. तिनं विचारलं, "कुठं अडकतंस?"

"कुठंय एका ठिकानी अडकलो असतो तर बरा झाला असता. दर येली नवीन जागा."

तिनं पदरानं कानातला रंग पुसला. मग म्हणाली, "तू एकच गनपती धरून बसलायंस."

"म्हंजे?"

"आमी काय एकेक गनपती पुरा करताव का? मंग तर चवथीपरत धाच होतील. आदी सगल्यांना अंगाचा रंग. रांगेनं. तवर पितांबराकडं बघायचा पन नाय. मंग सगल्यांचा पितांबर. मंग सोनेरी. हाताला एका येलेला एकच काम. तू पयल्यालाच डोले काढायला जातंस, रंग वला असताना."

दुसऱ्या दिवशी हिरामणची सुट्टी होती. सकाळी तो तीस वाक्यं घेऊन परसात बसला आणि नुसता घशातला क काढत गेला. पहिल्या वाक्यापासून तिसाव्यापर्यंत, बाकी कसंही होवो. पाच वेळा, दहा वेळा. दुपारपर्यंत तो क त्याच्या घशात जन्माचा असल्यासारखा बसला. मग जिभेच्या बाजूनं सुटणारा वारा, पुन्हा सगळी रांग. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आल्यावर फक्त करणारा शेवटी, बाकी विसरून. तिसऱ्या दिवशी नुसती शेपटं. बसमध्ये ओठ न हलवता रांग फिरायची. रोह्याच्या प्लांटमध्ये टाक्यांच्या घरघरीत तो मोठ्यानं रांग फिरवायचा, कुणाला ऐकू जायचं नाही. चौथ्या दिवशी त्यानं फक्त श्वास घेतले, कुठं थांबायचं ते. आणि पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुताना त्याच्या लक्षात आलं की तीसही वाक्यं उभी आहेत, रंगलेली, सुकलेली. राहिले होते फक्त डोळे.

नंदा म्हणाली, कारखान्यात चल. घरात कोंबड्या, रस्त्यावर एसटी. कारखान्याला मात्र भोवती गोणपाटाचे जाड पडदे, आवाज आत येत नाही.

पण कारखान्यात जून म्हणजे काय, हे जोह्यात सांगायला नको. गणपती तीन महिन्यांवर, ट्रक दारात, चौदा बाया रांगेत, स्प्रेचा कॉम्प्रेसर सकाळपासून धडधडतोय. त्या दिवसांत तिथं घरातलं कुणी आजारी पडलं तरी हात थांबत नाहीत. नंदानं मालकाला काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. मालकानं कॉम्प्रेसरचं बटण खाली केलं. चौदा बायांनी ब्रश पाण्यात ठेवले. आणि सगळ्यांत म्हातारी काशीबाई, नंदाची मावशी, पुढं येऊन पाटावर बसली. म्हणाली, "बोल रं पोरा. आमी हासनार नाय."

हिरामण दोनशे मूर्तींच्या मध्ये उभा राहिला. टेपरेकॉर्डरची लाल कळ नंदानं दाबली.

तो बोलला. पहिल्या दोन वाक्यांत आवाज जरासा कापला. तिसऱ्यापासून बापाच्या मिठागरात शिरला आणि मग थांबला नाही. समुद्र आला, जमीन भरली, माणसं थांबली, दगड उरला, डोक्यावरून गेला, गोणीत गेला, दुसऱ्याच्या जेवणात गेला. घसा असा मोकळा लागला की पडदे हलावेत. खाडीकाठच्या माणसाला एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची सवय असते. ती बारा वर्षं दाबलेली हाक तीन मिनिटांत बाहेर पडली. एकदाही अडखळला नाही. दुसऱ्यांदा भरावंच लागलं नाही.

कळ सुटली तरी कुणी ब्रश उचलेना. शेवटी काशीबाईनं विचारलं, "एक शब्द कलला नाय मना. पन कोनाला दम देत व्हतास तो?"

मग सगळ्या हसल्या, हिरामण सर्वांत जास्त. आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला.

ऑगस्टच्या शेवटी, कारखान्यातल्या शेवटच्या गाड्या भरत होत्या तेव्हा पत्र आलं. पोस्टमननं ते घरी न टाकता थेट कारखान्यात आणून दिलं, कारण एवढ्या तिकिटांच्या पाकिटात काय आहे ते त्यालाही बघायचं होतं. हिरामणनं उभ्याउभ्या वाचलं आणि मराठीत सांगितलं. हिंदुस्थानातल्या नवशिक्यांचे धडे यापुढे तो तपासणार. कॅसेट मंडळाच्या पाच जणांनी ऐकली. मीठ या शब्दाशिवाय मीठ सांगण्याची रीत त्यांना इतकी आवडली की शब्द कसे निवडावेत हे दाखवायला ती कॅसेट आता दर नव्या विद्यार्थ्याला पाठवणार, कोणत्याही देशातला असो. आणि उच्चारांपुढं एकच शब्द लिहिला होता: खणखणीत. पत्राच्या शेवटी क्लिंगॉनमध्ये 'कप्ला', म्हणजे यश.

मालकानं पेढे मागवले. ट्रकवाल्यालाही मिळाले. नंदानं हातातला ब्रश खाली ठेवला, समोर डोळे अर्धे असतानाच.

कमळाकरला नकाराचं पत्र आलं होतं. आठवडाभर तो बसमध्ये पुढच्या सीटवर बसला, खिडकीबाहेर बघत. मग एका रविवारी सकाळी तो स्कूटर घेऊन जोह्यात आला. हातात वही, नवी कॅसेट. ओसरीवर बसला, चहा घेतला, गणपतींच्या किमतींची चौकशी केली. वही काही उघडेना. शेवटी हिरामणनंच हात पुढं करून ती घेतली, शेवटच्या धड्याचं पान काढलं, आणि लाल पेन न घेता साध्या पेन्सिलीनं खुणा करत गेला.

"लिवलंस चांगला," तो म्हणाला. "पन तू डोल्यांनी शिकलास. हा तोंडाचा काम हाय. माज्या मागून बोल."

त्यानं पहिलं वाक्य म्हटलं. कमळाकरनं म्हटलं. पेणमध्ये आणि रोह्यात ज्याच्या बोलण्यावर माणसं टाळ्या देत, त्याचा घसा मध्येच अडला आणि तो कानापर्यंत लाल झाला. आतून नंदाच्या बांगड्यांचा आवाज आला. ती दारापर्यंत येऊन थांबली होती. हसलं कुणीच नाही.

"घाई नको करू," हिरामण म्हणाला. "जीभ टालूला लाव. आता सोड वारा. परत."

कमळाकरनं परत म्हटलं. मग परत. पाचव्या वेळी ते अक्षर सुटलं, पुरं, दोन्ही बाजूंनी.

"जमला," हिरामण म्हणाला आणि वहीचं पान उलटलं.